सांगितलं, पण पोचलं का?

(जिल्हा बैठकीत गावोगावच्या कार्यकर्त्यांपुढे केलेलं भाषण)



आज मी वाणावर, बोंडअळीवर किंवा हमीभावावर बोलणार नाही. आज बोलण्यावरच बोलणार आहे. मागच्या रांगेतले दोघे-तिघे हसले. साहजिक आहे. बोलायला काय शिकायचं, ते तर आईच्या मांडीवरच येतं. पण तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत आणि तुमच्या मनात काय आलं ते मला इथं उभ्या-उभ्या कळलं. माझा आजचा विषय तोच आहे. माणूस माणसाला तोंडाने काय सांगतो, तोंड न उघडता काय सांगतो, आणि सांगितलेलं पोचतं की वाटेतच सांडतं.

सुरुवात माझ्याच चुकीने करतो.

शेतकी कॉलेजातून नुकताच बाहेर पडलो होतो. पदवीचा कागद ताजा होता आणि डोक्यात हवा होती. एका गावात पारावर सभा घेतली. कपाशी पात्या-फुलांवर होती. मी सांगितलं, "युरियाची दोन टक्के फवारणी करा." शिफारस बरोबर होती. मग विचारलं, "समजलं ना?" सगळ्यांनी माना हलवल्या. "हो साहेब, समजलं." मी खूश होऊन परत आलो.

आठ दिवसांनी त्याच गावात गेलो, तर एका शेतकऱ्याची अर्धा एकर पऱ्हाटी करपलेली. दोन टक्के म्हणजे दहा लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम. त्या भाऊंनी पंपात दोन किलो युरिया विरघळवला होता. मी रागावलो. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमीच तं दोन सांगतले. खत काय आमी गिरामानं मोजतो का?"

त्यांचं काय चुकलं? टक्का हा शब्द त्यांना माहीत होता, तो सावकाराच्या आणि सोसायटीच्या व्याजातून. खत त्यांनी जन्मभर किलोने आणि पोत्याने मोजलेलं. "दोन" तेवढं त्यांच्या कानात राहिलं आणि पुढचं त्यांनी आपल्या अनुभवाने भरलं. चुकलो मी. मी सांगितलं, पण पोचलं का ते पाहिलं नाही.

आणि त्या माना हलल्या त्याचं काय? त्या मानेचा अर्थ "समजलं" असा मी घेतला. आज विचार करतो तेव्हा कळतं की त्या मानेत बरंच काही होतं. साहेब शिकलेला आहे, त्याचा मान राखावा. चारचौघांत आपलं अडाणीपण कशाला दाखवा. आणि हेही असेल, की गुरं सोडायची वेळ झाली, हे आता आटपावं. मी त्यातलं काहीच वाचलं नाही.

पेरलं ते उगवलं का?

१९४८ साली अमेरिकेत क्लॉड शॅनन नावाच्या गणितज्ञाने निरोप कसा जातो याचं एक गणित मांडलं. तो टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होता. त्याची मांडणी साधी करून सांगायची तर अशी : एक सांगणारा, एक ऐकणारा, मधे तार, आणि त्या तारेत होणारी खरखर. खरखर जास्त झाली की निरोप मोडतो. पुढे शेतकी विस्ताराच्या पुस्तकांतही याच धर्तीची मांडणी आली. आम्ही परीक्षेत ती लिहिली, मार्क मिळवले आणि विसरलो.

पण माणूस म्हणजे तार नव्हे. तारेच्या एका टोकाला जो शब्द घातला तोच दुसऱ्या टोकाला निघावा, एवढंच टेलिफोनला पाहायचं असतं. माणसाच्या बाबतीत शब्द जसाच्या तसा पोचतो आणि अर्थ मात्र बदलतो. "दोन टक्के" हा शब्द त्या भाऊंपर्यंत स्वच्छ पोचला होता. तारेत खरखर नव्हती. अर्थ माझ्या डोक्यात एक होता आणि त्यांच्या डोक्यात दुसरा उगवला.

तुम्हाला हे पेरणीवरून लगेच कळेल. किती बॅगा पेरल्या यावर कोणी पिकाचा अंदाज बांधत नाही. आठ-दहा दिवसांनी आपण तासातून फिरतो, उगवण पाहतो, जिथं रोप नाही तिथं नांग्या भरतो. बोलण्याचंही तसंच आहे. सांगणं म्हणजे पेरणी. समोरच्याने काय घेतलं ते पाहणं म्हणजे उगवण पाहणं. राहिलेलं पुन्हा सांगणं म्हणजे नांग्या भरणं. आपण कार्यकर्ते पेरून घरी निघून येतो आणि मग म्हणतो, लोकांना कळत नाही.

उगवण पाहायची रीत अगदी सोपी आहे. "समजलं का?" असं विचारूच नका. त्याला "हो" हे एकच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा, "भाऊ, उद्या सकाळी पंपात किती टाकाल ते मला सांगा." मी त्या दिवशी हे एक वाक्य विचारलं असतं, तर अर्धा एकर पऱ्हाटी वाचली असती.

तोंड न उघडता

आता न बोलता बोलण्याकडे येऊ. यात तुम्ही माझे गुरू आहात. बैलाने रवंथ थांबवला की काहीतरी बिघडलं हे तुम्हाला वैद्याच्या आधी कळतं. ज्वारीची पानं दुपारी सुरळीसारखी गुंडाळली की तिला पाण्याचा ताण आहे, हे कळायला तुम्हाला यंत्र लागत नाही. मुक्या जितराबाचं आणि मुक्या पिकाचं ज्याला कळतं, त्याला माणसाचं कळणार नाही असं कसं होईल? फक्त तिकडे लक्ष द्यायची सवय हवी.

शरीर कशाकशाने बोलतं? डोळ्याने बोलतं, चेहऱ्याने बोलतं, हाताने बोलतं. आवाजाच्या चढउताराने बोलतं. "या पाटील" हे दोन शब्द आदराने म्हणता येतात आणि टोमण्यानेही म्हणता येतात. अंतराने बोलतं : कोण जवळ बसला, कोण दाराशी उभा राहिला. वेळेने बोलतं : कोणाला लगेच आत बोलावलं आणि कोणाला दोन तास बाकड्यावर बसवलं. कर्जासाठी गेलेला शेतकरी टोपी हातात घेऊन उभा असतो आणि समोरचा मान वर न करता मोबाईलकडे पाहात "काय आहे?" विचारतो. तिथं शब्द फक्त दोनच झाले. पण तुमची इथं काय किंमत आहे ते पूर्ण सांगून झालं.

हेच आपल्या सभेत होत नाही ना, तेही तपासा. वक्ते खुर्चीवर, लोक सतरंजीवर. पुढारी बोलताना सगळ्यांनी ऐकायचं आणि शेतकरी बोलायला उठला की पुढाऱ्याने घड्याळ पाहायचं. मग तोंडाने आपण कितीही "आपण सगळे एक" म्हणा. तोंड एक सांगतं आणि बसण्याची तऱ्हा दुसरं सांगते, तेव्हा लोक दुसऱ्यावर विश्वास ठेवतात.

इथं एक सावधगिरीही सांगतो. प्रशिक्षणाच्या वर्गात एक आकडा हमखास सांगतात : बोलण्यात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्याचा ५५. म्हणजे ९३ टक्के शब्दाविना! हा आकडा अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या प्रयोगांतून आला. त्या प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या आवाजांत ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि विचारलं, या माणसाची भावना कोणती? म्हणजे शब्द आणि चेहरा यांचा मेळ बसत नसेल तर माणूस आवड-नावड कशावरून ओळखतो, एवढ्यापुरतं ते होतं. सगळ्या बोलण्याला ते लागू नाही, हे खुद्द मेहराबियनांनीही सांगितलेलं आहे. आणि आपणही जरा विचार करावा. शब्द ७ टक्केच असते, तर तमिळ पुढाऱ्याचं भाषण आपल्याला ९३ टक्के समजलं असतं. दोनशे ग्रॅम आणि दोन किलो यांतला फरक कोणत्याही चेहऱ्यावर दिसत नाही. तो शब्दानेच सांगावा लागतो.

तेव्हा हिशेब असा ठेवा. माणसाच्या मनात काय आहे ते पाहायचं असेल तर चेहरा, आवाज, हात पाहा. माप, भाव, तारीख, रक्कम सांगायची असेल तर शब्द वापरा, आणि शक्य तिथं तो शब्द कागदावर घ्या.

रुमालाखालचा भाव

न बोलता बोलण्याचा सगळ्यांत महाग धडा शेतकऱ्याने बाजारात घेतला आहे. आपल्या वडील-आज्यांनी पाहिलेली रीत आठवा. माल शेतकऱ्याचा. खरेदीदार आणि अडत्या समोरासमोर उभे. दोघांचे हात रुमालाखाली. बोटं दाबून भाव ठरतो. कोणतं बोट किती रुपयांचं, ते त्या दोघांना ठाऊक. तिसरा माणूस, म्हणजे मालाचा धनी, रुमालाकडे पाहात उभा. नंतर त्याला एक आकडा सांगायचा. कोणी किती दिला, जास्त कोण देत होता, यातलं त्याला काही कळायचं नाही.

भावांनो, ही एक पूर्ण भाषा होती. तिला अंक होते, व्याकरण होतं. ती भाषा ज्याचा माल त्यालाच कळू नये म्हणून वापरली जात होती. बोलणं नेहमी सांगण्यासाठीच असतं असं समजू नका. ते लपवण्यासाठीही असतं.

आपल्या भागाचा इतिहास पाहा. कापसाच्या बाजाराला नियम लावण्याची देशातली सुरुवात वऱ्हाडातच झाली. १८८६ साली कारंज्याचा कापूस बाजार नियमाखाली आला आणि १८९७ साली वऱ्हाडात कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. त्या काळी मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस हवा होता, हेही त्यामागे होतं. पुढे महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा १९६३ साली झाला. भाव उघड लिलावाने ठरावा, हे तत्त्व त्यातून आलं. उघड लिलाव म्हणजे काय? बोटांची भाषा बंद, तोंडाची भाषा सुरू. जे बोलायचं ते मालधन्याच्या कानावर पडेल असं बोला. बाजार समित्यांचा कारभार कसा चालतो यावर मी एक तास बोलू शकेन, पण तो आजचा विषय नाही. उघड बोलण्याचं मोल ध्यानात घ्या, एवढंच सांगतो.

रुमाल गेला म्हणून खुणा गेल्या का? गाडीतल्या कापसात हात घालणारा चिमूटभर कापूस काढतो, मुठीत दाबतो, तोंड वाकडं करतो आणि म्हणतो, "ओला आहे." त्या वाकड्या तोंडाची किंमत क्विंटलला दोनशे-तीनशे रुपये असू शकते. आपण काय करतो? आपला चेहरा पडतो. पडलेला चेहरा समोरच्याला सांगतो की याला पैशाची नड आहे, हा गाडी परत नेणार नाही. म्हणजे तो आपल्याला वाचतो, आणि आपण त्याला वाचत नाही.

याला उपाय एकच : खुणेला शब्दावर आणा आणि शब्दाला आकड्यावर आणा. "ओला म्हणजे किती? मीटर लावा आणि आकडा मोठ्याने सांगा." कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत ओलाव्याचा नियम आकड्यांत आहे : ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, आणि १२ च्या वर माल घेत नाहीत. हे आकडे तोंडपाठ करा. खाजगी व्यापाऱ्यापुढेही तुमच्या तोंडून आकडा निघाला की त्याचं वाकडं तोंड सरळ होतं. आणि "बघू", "नंतर या", "करून टाकू" हे शब्द ऐकले की लगेच विचारा : कोणत्या तारखेला? किती?

विषाला औषध म्हणायची सवय

आता जिवावर बेतणारी गोष्ट. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो लोक दवाखान्यात गेले. कारणं पुष्कळ होती. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, दोन-तीन कीटकनाशकं एकत्र मिसळलेली, अंगावर धड कपडे नाहीत, तोंडाला फडकं नाही. पण एका कारणावर आपण फारसं बोललो नाही. ते कारण भाषेतलं आहे.

आपण त्या डब्याला काय म्हणतो? औषध. "पऱ्हाटीवर औषध मारलं." "दुकानातून औषध आणलं." औषध म्हणजे बरं करणारी वस्तू. ज्या वस्तूला रोज औषध म्हणायचं, तिच्यापासून अंग चोरायचं कसं सुचेल? तो शब्दच माणसाला बेसावध करतो.

डब्यावर एक खूणही असते. कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन आणि त्याच्या खालच्या त्रिकोणात रंग. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम, हिरवा त्याहून कमी. खूण अशासाठी, की ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं. पण खुणेचा अर्थ कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. हिरवा रंग पाहून माणूस काय समजेल? हिरवं म्हणजे पीक, हिरवं म्हणजे चांगलं, सिग्नलचं हिरवं म्हणजे जा. तो निर्धास्त होतो. प्रत्यक्षात चारही रंग विषाचेच आहेत. हिरव्यात जहालपणा कमी, एवढंच.

आणखी एक पाहा. डबा विकत घेणारा एक, पाण्यात कालवणारा दुसरा आणि पंप पाठीवर घेणारा मजूर तिसरा. डबा बांधावर राहतो, मजूर तासात चालतो. डब्यावरची खूण आणि पत्रकातली बारीक अक्षरं त्याच्यापर्यंत जातच नाहीत. तेव्हा मालकाने डबा त्याच्या हातात द्यावा, रंग दाखवावा आणि तोंडाने सांगावं : "हे विष आहे. वाऱ्याच्या दिशेनं चाल. तंबाखू खायची तर आधी साबणानं हात धू. डोकं दुखलं, मळमळलं, डोळ्यांपुढं अंधारी आली की पंप खाली ठेव आणि मला हाक मार. दवाखान्यात जाताना हा डबा बरोबर घ्यायचा." आणि मग त्याच्याकडून वदवून घ्यावं. या सांगण्याला दोन मिनिटंही लागत नाहीत.

जे गप्प आहेत

शेवटचा मुद्दा गप्प माणसांचा.

आजच्या बैठकीत मायबहिणी मागे बसल्या आहेत. निंदण त्यांच्या हाताने होतं, वेचणी त्यांच्या हाताने होते. बोंड उघडल्यावर आतली अळी पहिल्यांदा त्यांना दिसते. पण अळीवर चर्चा निघाली की बोलतात पुरुष. त्या बोलत नाहीत याचा अर्थ त्यांना सांगायचं काही नाही असा आपण घेतला. विचारल्याशिवाय बोलायचं नाही अशी सवय आपणच त्यांना लावली. तेव्हा विचारा, पुढे बसवा, आणि त्या बोलत असताना मधे तोंड घालू नका. ऐकणं हेही बोलण्याइतकंच काम आहे.

दुसरं गप्प बसणं याहून जड आहे. प्रत्येक गावात एखादा भाऊ असा असतो, जो पूर्वी पारावर मोठ्याने बोलायचा आणि आता दिसत नाही. हाक मारली तर "बरं आहे" म्हणतो आणि नजर दुसरीकडे वळवतो. जेवण कमी झालं, झोप गेली, दारू वाढली. कधी आवडती वस्तू, जनावर कोणाला देऊन टाकतो. कधी सहज म्हणतो, "माझ्यामागं तुमचं बरं होईल." तोंड म्हणतं बरं आहे आणि बाकी सगळं अंग म्हणतं बरं नाही. ज्वारीची पानं दुपारी गुंडाळली तर आपण घाबरत नाही, संध्याकाळी ती उघडतात. सकाळच्या गारव्यातही ती गुंडाळलेलीच दिसली, तर मात्र आपण धावतो. माणसाचंही असंच पाहा.

अशा भावाकडे जा. उपदेश घेऊन जाऊ नका. "धीर धर", "पोराबाळांकडं बघ" हे त्याने शंभरदा ऐकलेलं असतं. शेजारी बसा. चहा घ्या. गप्प राहावं लागलं तर गप्प राहा, पण उठू नका. आणि मग सरळ विचारा, "भाऊ, जीव द्यायचा विचार येतो का मनात?" पुष्कळांना भीती वाटते की विचारलं तर नसलेला विचार डोक्यात जाईल. तसं होत नाही. विचारल्याने ओझं थोडं उतरतं. उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडू नका, घरातली विषाची बाटली हलवा, घरच्यांना सांगा, दवाखान्यात घेऊन जा. सरकारचा टेली-मानस नावाचा फोन आहे, नंबर १४४१६. फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर आज प्रत्येकाने लिहून घ्या.

भावांनो, कर्ज आणि भाव यांची लढाई बोलण्याने सुटत नाही, हे मला ठाऊक आहे. ती वेगळी लढावी लागेल. पण ती लढायला माणूस जिवंत पाहिजे आणि तो आपल्याशी बोलता पाहिजे.

आता काम सांगतो. पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येकाने तीन गोष्टी करायच्या. एक, गावात काहीही सांगितलं की समोरच्याकडून ते परत वदवून घ्यायचं. दोन, बाजारात "बघू" ऐकलं की आकडा आणि तारीख मागायची. तीन, महिनाभर पारावर न दिसलेल्या एका माणसाच्या घरी जाऊन बसायचं.

मी सांगितलं. आता पोचलं का ते पाहतो. मागच्या रांगेत मघाशी जे भाऊ हसले, त्यांनी उभं राहून सगळ्यांना सांगावं : पुढच्या महिन्यात आपण कोणत्या तीन गोष्टी करणार आहोत?